कृषी पदवीचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना खुलं पत्र: आमच्या घरचं शेतही प्रॅक्टिकलमध्ये धरा

आदरणीय सर आणि मॅडम,

बीएस्सी अ‍ॅग्रीला काय शिकवायचं, कोणत्या प्रॅक्टिकलला किती मार्क द्यायचे हे तुम्ही सगळे मिळून ठरवता म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितेय. मी शेवटच्या वर्षाला आहे, घर लातूर जिल्ह्यात, घरची चार एकर कोरडवाहू जमीन, खरिपात सोयाबीन आणि तूर, पाऊस बरा झाला तर रब्बीला हरभरा. माझी मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते. प्रत्येक विषयातलं किमान एक प्रॅक्टिकल विद्यार्थ्याने स्वतःच्या घरच्या शेतात करायचं, ज्याच्या घरी शेत नाही त्याने ओळखीतल्या कुणाच्या तरी शेतात करायचं, त्याच्या नोंदी कॉलेजात आणायच्या आणि त्याला बाकीच्या प्रॅक्टिकलसारखेच मार्क मिळायचे. बस एवढंच. आत्ता आम्ही कॉलेजातलं शिकलेलं घरी नेतो ते आपापल्या हौसेवर नेतो, कुणी विचारत नाही, कुणी तपासत नाही, आणि त्यामुळे वर्गातल्या बऱ्याच जणांचं ते होतच नाही, प्रॅक्टिकल बुकवर सही झाली की विषय संपला.

मला हे लिहावंसं वाटलं कारण गेल्या तीन-साडेतीन वर्षांत जे थोडंफार मी घरी करून बघितलं त्यानं आमच्या घरातला व्यवहार बदलला, आणि त्यातली एकही गोष्ट मोठी नाही, ड्रोन नाही, पॉलीहाऊस नाही. सगळ्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या साध्या प्रॅक्टिकलमधल्या गोष्टी आहेत.

उगवणक्षमतेची चाचणीच घ्या. सीड टेक्नॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला आम्ही ती केली, आकृती काढली, सही घेतली. आता आमच्या भागात सोयाबीनचं बियाणं म्हणजे काय विषय आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन उगवलंच नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला होता, लोकांनी दुबार पेरणी केली, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. मी तेव्हा शाळेत होते पण घरातलं वातावरण चांगलं आठवतं. सोयाबीन स्वपरागीत पीक (फुलाचं परागण त्याच फुलात होतं) असल्यामुळे घरचं बियाणं दोन-तीन वर्षं वापरता येतं, त्यासाठी दरवर्षी पिशवी विकत घ्यायची गरज नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि बरेच जण वापरतातही, पण उगवण तपासून वापरणारे थोडे. पप्पाही "मागच्या साली चांगलं उगवलं होतं की" एवढ्यावर पेरायचे.

तर मी उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीला बरोबर घेतलं, गोणपाट भिजवून अंथरलं, त्यावर १० दाण्यांच्या १० ओळी मांडल्या, गुंडाळी करून माठाशेजारी सावलीत ठेवली आणि आजी रोज त्यावर पाणी शिंपडत राहिली. आमच्याकडे बियाण्याचे दोन ढीग होते, एक मळणी यंत्रातून काढलेला आणि एक आजीने हट्टाने काठीने बडवून वेगळा ठेवलेला. आठवड्याने दोन्ही ढिगांच्या गुंडाळ्या उघडून नीट, धडधाकट कोंब मोजले तर यंत्रातल्या ढिगाची उगवण साठीच्या आसपास आणि बडवलेल्याची ऐंशीच्या वर. कारण पुस्तकातच आहे, सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ, ड्रम जोरात फिरला की दाणा बाहेरून चांगला दिसतो पण आतला कोंब दुखावतो. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपल्याच घरातली दोन पोती शेजारी ठेवून बघणं वेगळं. शिफारस एकरी ३० किलोची आहे ती ७० टक्के उगवण धरून आहे, म्हणजे साठ टक्क्याचं बियाणं पेरायचं तर एकरी ३५ किलो लागणार, हे त्रैराशिक पप्पांनी स्वतः मांडलं, मी नाही सांगितलं. त्या साली बडवलेलं बियाणं आधी संपवलं, यंत्रातलं वाढवून पेरलं, आणि पुढच्या मळणीला यंत्रवाल्याला बियाण्यापुरते ड्रमचे फेरे कमी करायला लावले. तो कुरकुरला, त्याला एका दिवसात जास्त खळी उरकायची असतात. तरी केलं.

या सगळ्याला खर्च शून्य रुपये. आणि हे प्रॅक्टिकल कॉलेजातल्या जर्मिनेटरमध्ये (बी उगवून बघायच्या यंत्रात) कोणत्यातरी डब्यातले दाणे घेऊन करण्याऐवजी प्रत्येकाने आपापल्या घरचे दाणे आणून केलं असतं तर ६० मुलांच्या वर्गात ६० गावांच्या बियाण्याची माहिती पेरणीच्या आधी हातात आली असती! मला हे सुचलं तेव्हा वाईट वाटलं, कारण इतकी सोपी गोष्ट आहे ही.

दुसरी गोष्ट ओलाव्याची, आणि ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण हे गणित घराघरात जायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. सोयाबीन काढलं की लोकांना पैशाची घाई असते, काढणीचं गुत्तं घेतलेल्या गुत्तेदाराचे पैसे द्यायचे असतात, दिवाळी तोंडावर असते, दुकानाची उधारी असते, म्हणून माल ओलाच बाजारात जातो. आडतीवर मीटर लावतात, ओलावा जास्त निघाला की भाव पाडतात, आणि किती पाडायचा हे आपल्या हातात नसतं. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर तर १२ टक्क्यांची अट असते, २०२४ ला ती केंद्र सरकारने १५ पर्यंत सैल केली होती. त्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारातला भाव त्याच्या बराच खाली होता, म्हणजे ओलाव्याचे दोन-चार टक्के हा काही पुस्तकी प्रश्न नव्हता.

आता आमच्या पोस्ट हार्वेस्टच्या, म्हणजे काढणीनंतर माल हाताळायच्या विषयात एक गणित असतं, १०० किलो मालात १६ टक्के ओलावा असेल तर कोरडा भाग ८४ किलो, तोच माल १२ टक्क्यांवर वाळवला तर वजन ८४ भागिले ०.८८, म्हणजे साधारण साडेपंचाण्णव किलो. हे गणित मी परीक्षेत सोडवलं होतं. घरी खळ्यावर बसून तेच वेगळ्या पद्धतीने मांडलं, समजा वाळलेल्या मालाला ४,२०० भाव आहे, तर ओल्या क्विंटलचा वाळून साडेपंचाण्णव किलो झाला तरी त्याचे साधारण ४,०१० रुपये येतात. मग आडत्या ओल्या मालाला ४,०१० च्या वर देत असेल तर आजच विकून टाका, वाळवायची मजुरी आणि पावसाची भीती वाचली, आणि त्याच्या बराच खाली देत असेल तर दोन-तीन ऊन दाखवा. पप्पांनी ह्याचा एक कागदच करून घेतला, १४ टक्क्याला किती, १६ ला किती, १८ ला किती, आणि तो आता बाजारात जाताना त्यांच्या खिशात असतो. आधी ते आडतीवर "मॉइश्चर लागलंय" म्हटलं की गप्प बसायचे, आता विचारतात की ओलाव्यापोटी किती कापताय आणि का. नेहमी जिंकतात असं नाही. कधी ढग असतात, कधी पैशाची खरंच नड असते आणि पडेल भावाला द्यावंच लागतं. पण आपलं किती जातंय हे कळून देणं आणि न कळून देणं ह्यात फार फरक आहे हो.

शेजारच्या काकांनी तो कागद मागून नेला, मग त्यांच्या मेव्हण्याने. मी कुणालाही भाषण दिलेलं नाही.

खताचंही असंच. सोयाबीनला आमच्या विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि वर गंधक अशी आहे आणि गावात मात्र पेरणी म्हटलं की डीएपी, दुसरं काही डोक्यातच येत नाही. डीएपीची टंचाई झाली की दुकानदार लिंकिंग करतो, म्हणजे एका पोत्याबरोबर नको असलेली बाटली नाहीतर पुडा घ्यायलाच लावतो, आणि माणूस घेतो कारण वाफसा आलाय आणि तिफण थांबलीय. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं, हे पोत्यावरच टक्क्यांत लिहिलेलं असतं, १८:४६. सिंगल सुपर फॉस्फेटची ३ पोती घेतली तर २४ किलो स्फुरद, त्याला साधारण २० किलो युरिया जोडला की डीएपीच्या पोत्याएवढं नत्र, आणि सुपर फॉस्फेटमधून १६ किलोच्या आसपास गंधक मिळतं जे डीएपीत नसतंच आणि सोयाबीनसारख्या तेलबियाला हवं असतं. हे आम्ही पहिल्या वर्षी मृदा शास्त्रात शिकलो. पोती जास्त वाहून आणावी लागतात, टाकायला वेळ जातो, ही अडचण खरी आहे आणि आईनेच ती पहिली सांगितली कारण पोती उचलण्यात तिचा हात असतो. तरीही ज्या साली दुकानात डीएपी नव्हतं त्या साली आमची पेरणी थांबली नाही.

माती परीक्षणाबद्दल एक सांगायचंय. आमच्या घरी मृदा आरोग्य पत्रिका आहे, ट्रंकेत जपून ठेवलेली. ही योजना २०१५ ची, आणि त्यात नमुने ग्रिड, म्हणजे जमिनीच्या चौकटी पाडून घेतले, कोरडवाहूला १० हेक्टरला एक आणि बागायतीला अडीच हेक्टरला एक. म्हणजे आमच्या नावाच्या पत्रिकेतली माती आमच्या शेतातली असेलच असं नाही! हे मला वर्गात कळलं तेव्हा मी घरी येऊन पहिलं ते सांगितलं. मग नागमोडी चालत, बांध सोडून, झाडाखालची जागा सोडून, जनावरं बांधतात ती जागा सोडून, व्ही आकाराचे खड्डे घेऊन, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो माती उरवली आणि आमच्या दोन तुकड्यांचे दोन वेगळे नमुने कॉलेजच्या लॅबला दिले. खालच्या तुकड्यात आणि वरच्या मुरमाड तुकड्यात चांगलाच फरक निघाला, आणि तरी आम्ही इतकी वर्षं दोन्हीकडे सारखंच खत टाकत होतो. सर, वर्गातल्या प्रत्येकाने आपल्या शेताची अर्धा किलो माती आणायला काय हरकत आहे? लॅब तर चालूच असते, आम्ही कॉलेजच्या फार्मची तीच माती दरवर्षी तपासतो.

मुळांवरच्या गाठींचं प्रॅक्टिकल तर मला फार आवडतं. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने झाड अलगद उपटायचं, मुळं धुवायची, गाठ नखाने कापायची, आत गुलाबी लाल दिसलं तर रायझोबियम (हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू) काम करतंय, पांढरट किंवा हिरवट दिसली तर नाही. शेजारच्या काकांना दरवर्षी त्या सुमाराला युरियाची मूठ मारायची सवय, सगळं रान काळंभोर हिरवं दिसतं, छान वाटतं. मी त्यांच्याच रानातलं झाड उपटून गाठ कापून दाखवली आणि म्हटलं काका, ह्यानं हवेतलं नत्र आत ओढायची सोय केलीय, आता वरून युरिया दिलात तर नुसता पाला वाढेल. त्यांनी लगेच ऐकलं असं नाही, अर्ध्या रानाला टाकला आणि अर्ध्याला नाही, आणि काढणीला दोन्हीकडचं वेगळं मोजलं. हे बघा, हे काकांनी आपलं आपण केलं, आणि आम्हाला स्टॅटिस्टिक्समध्ये हेच शिकवतात, तुलना करायची तर जमीन सारखी पाहिजे, बाकी सगळं सारखं पाहिजे आणि फरक एकाच गोष्टीचा पाहिजे. फक्त दोन भाग पुरत नाहीत, आलटून पालटून पट्टे घ्यायचे म्हणजे जमिनीच्या चढउताराने फसायला होत नाही, एवढंच मला त्यात घालता आलं. पुढच्या साली त्यांनी पट्टे घेतले.

इथे मला एक गंभीर गोष्ट बोलायची आहे. विस्तार शिक्षणात, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत नवीन गोष्टी पोचवायच्या विषयात, आम्हाला शेतकऱ्यांचे प्रकार शिकवतात, नवीन गोष्ट सगळ्यात आधी घेणारे, मग लवकर घेणारे, मग बहुसंख्य, आणि शेवटी मागे राहणारे. परीक्षेत हमखास येतं. पप्पांना त्यात बसवायचं तर ते जवळजवळ शेवटच्या गटात जातात, रुंद वरंबा सरीचं (बीबीएफ, म्हणजे रुंद वरंब्यावर पेरायचं आणि मध्ये सऱ्या ठेवायच्या) प्रात्यक्षिक गावात दोनदा झालं तरी त्यांनी केलं नव्हतं. पण घरचं शेत आणि घरची वही समोर घेऊन बसल्यावर मला दिसलं की ते का थांबतात. चार एकर, पाणी नाही, सोसायटीचं कर्ज, आणि प्रयोग फसला तर तो हंगाम परत येत नाही. कॉलेजच्या फार्मवर प्लॉट फेल गेला तर आम्ही निष्कर्ष लिहितो, आमच्या घरी प्लॉट फेल गेला तर माझ्या भावाची फी राहते. म्हणून ते एका कोपऱ्यात आधी करून बघतात, शेजाऱ्याचं बघतात, आणि मग घेतात. ह्याला मागे राहणं म्हणायचं की हिशोबाने चालणं, हा प्रश्न तुमच्या पेपरात यायला पाहिजे असं मला वाटतं. आम्ही मग बीबीएफ पाऊण एकरावरच केलं, यंत्र भाड्याने आणून, शेजारी नेहमीची पेरणी. पहिल्या साली पाऊस नेमाने पडला आणि दोन्हीत फारसा फरक आला नाही. बियाणं कमी लागलं एवढंच. पुढच्या साली ऑगस्टात पावसाने लांब उघडीप दिली आणि तेव्हा वरंब्यावरचं पीक जास्त दिवस तगलं, ते पप्पांनी रोज जाऊन बघितलं, आणि आता ते स्वतः यंत्राची विचारपूस करतात. पहिल्याच सालाच्या आकड्यांवर मला कुणी मार्क दिले असते आणि "फरक नाही" म्हणून कमी दिले असते तर मी तिथेच थांबले असते, म्हणून पुढे मी एक अट मागणार आहे.

फवारणीवर थोडक्यात लिहिते पण ते थोडक्यात घेऊ नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन २० च्या वर शेतकरी आणि मजूर गेले. आमच्या कीटकशास्त्राच्या प्रॅक्टिकलला डब्यावरच्या त्रिकोणाचे चार रंग शिकवतात, लाल, पिवळा, निळा, हिरवा, लाल सगळ्यात जहाल. नोझल शिकवतात. आर्थिक नुकसानीची पातळी शिकवतात, म्हणजे एक मीटर ओळीत पानं खाणाऱ्या अळ्या किती आहेत हे मोजल्याशिवाय पंप उचलायचा नाही. हे सगळं घरी फवारणाऱ्या माणसापर्यंत पोचलं पाहिजे, आणि आमच्याकडे फवारणारा माणूस बहुतेक वेळा मालक नसतो, रोजंदार असतो, त्याला दुकानदार काय म्हणाला तेवढंच माहीत असतं. मी घरी एवढंच करून घेतलं की मोजल्याशिवाय औषध आणायचं नाही, दोन-तीन औषधं आपल्या मनाने एकत्र कालवायची नाहीत, वाऱ्याच्या उलट दिशेला फवारायचं नाही, नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही, उपाशीपोटी कुणी पंप पाठीवर घ्यायचा नाही. ह्यातलं शेवटचं आईने मनावर घेतलं, आता फवारणीच्या दिवशी गड्याला आधी भाकरी आणि मगच पंप. एका हंगामात मोजून बघितल्यावर एक फवारणी टळली, अळ्या पातळीच्या खाली होत्या आणि मित्रकीटक दिसत होते.

आणि आता आई. फार्म मॅनेजमेंटच्या विषयात उत्पादन खर्च काढायला शिकवतात, ए-२ म्हणजे हातातून गेलेले पैसे, त्यात घरच्या माणसांची मजुरी (फॅमिली लेबर) धरली की ए-२ अधिक एफएल, आणि स्वतःच्या जमिनीचं भाडं, भांडवलाचं व्याज धरलं की सी-२. हमीभाव ए-२ अधिक एफएलच्या दीडपट धरतात आणि शेतकरी संघटना सी-२ वर मागतात, तो वाद त्यावरून आहे. असाइनमेंटला सरांनी छापील आकडे दिले होते. मी ते बाजूला ठेवून घरचे आकडे घ्यायचं ठरवलं. पप्पांची वही व्यवस्थित असते, बियाणं, खत, औषध, ट्रॅक्टर, गुत्तं, हमाली, तोलाई, सगळं. त्यात आईचं काही नव्हतं. आईला विचारलं तर म्हणाली, "माझं काय लिहायचंय त्यात, मी घरचीच हाय." मग आम्ही दोघी बसलो आणि पेरणीपासून आठवत गेलो, बियाण्याला औषध चोळणं, खुरपणाचे दिवस, कोळप्यामागचं राहिलेलं तण, फवारणीला पाणी वाहून देणं, गुत्तेदारांच्या मागे राहिलेल्या शेंगा वेचणं, खळ्यावर वाळवणं, राखण, पोती शिवणं. गावातल्या बाईमाणसाच्या रोजाने ते मांडलं तर तो आमच्या खर्चाच्या वहीतल्या मोठ्या आकड्यांपैकी एक निघाला, खतापेक्षा जास्त. पप्पांनी बराच वेळ तो कागद बघितला आणि काही बोलले नाहीत, पण त्या हंगामापासून वहीत आईच्या नावाचं पान आहे आणि तिचे दिवस ते स्वतः लिहितात. आणि माल विकायचा की थांबवायचा हे ठरवताना आता आईलाही विचारलं जातं. मॅडम, हे मला कोणत्याही छापील आकड्यातून कळलं नसतं.

आमच्यासारख्या मुलींच्या बाबतीत अजून एक आहे. वर्गात आता मुली भरपूर आहेत, हुशार आहेत, पण घरी गेल्यावर शेतातलं ठरवायला त्यांना कुणी बोलावत नाही, भाऊ दहावी नापास असला तरी त्याला विचारतात. हौस म्हणून काही करायला गेलं तर "तुझं शिक्षण बघ" म्हणतात. पण तेच कॉलेजचं काम असेल, त्याला मार्क असतील, फॉर्मवर वडिलांची सही लागणार असेल, तर घरातले करू देतात, उलट मदत करतात. माझ्या एका मैत्रिणीला असाइनमेंटच्या नावाखाली पहिल्यांदा घरची खताची पावती बघायला मिळाली. नियमाने जे दार उघडेल ते हट्टाने उघडत नाही.

तुम्ही म्हणाल की शेवटच्या वर्षात ग्रामीण कृषी कार्यानुभव, म्हणजे नेमून दिलेल्या गावात जाऊन काम करणं, आहेच की. आहे, आणि तो चांगला आहे, मी केला. बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क, मुरघास, माती नमुना, सगळी प्रात्यक्षिकं गावात दाखवली, लोकांनी प्रेमाने वागवलं. पण ते गाव आमचं नसतं, तिथल्या नफ्यातोट्याचा आमच्या घराशी संबंध नसतो, आणि बहुतेक वेळा पीक काढणीला यायच्या आत आम्ही पुढच्या मॉड्युलला गेलेलो असतो. बॅनरबरोबर फोटो राहतो, पेपरात बातमी येते, पण निंबोळी अर्काचं पुढे काय झालं ते कळत नाही. घरच्या शेतात ते कळल्याशिवाय राहत नाही कारण ते पीक आपणच खातो नाहीतर विकतो. शिवाय तो अनुभव शेवटच्या वर्षात येतो. पहिल्या वर्षापासून दर हंगामाला थोडं थोडं केलं तर पदवीच्या चार वर्षांत चार खरीप मिळतात, चार पाऊस वेगवेगळे असतात, आणि शेती त्याशिवाय समजत नाही.

मुलं घरी बसून खोटे आकडे लिहितील, ही शंका सरांनी मला बोलून दाखवली होती आणि ती रास्त आहे. त्यावर मला सुचतं ते असं की आकड्यांबरोबर वस्तू आणायला लावा, बियाण्याची पिशवी, मातीचा नमुना, मुळांसकट झाड, बाजाराची पट्टी. खोटं बियाणं लॅबमध्ये पकडलं जातं. काही घरांना अचानक फोन करा, गावातल्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (आधीचे कृषी सहाय्यक) विचारा. आणि अट ही की मार्क निकालाला नकोत, नोंदीला पाहिजेत. प्रयोग फसला, फरक आला नाही, पाऊसच पडला नाही, वडिलांनी करू दिलं नाही, हेही नीट लिहून आणलं तर पूर्ण मार्क. तसं नसेल तर सगळ्यांचे प्रयोग यशस्वी होतील आणि त्या आकड्यांचा कुणालाच उपयोग राहणार नाही.

शहरातल्या मुलांचाही विचार केलाय. आमच्या वर्गात पुण्या-संभाजीनगरहून आलेले मित्र आहेत ज्यांच्या घरी शेत नाही. त्यांना हॉस्टेलच्या आसपासच्या गावातला एक शेतकरी चारही वर्षांसाठी द्या. माझा एक वर्गमित्र सुट्टीत आमच्या घरी येऊन राहिला होता, त्याने पप्पांबरोबर बसून औषधाच्या डब्यांवरच्या तारखा तपासल्या आणि मुदत संपलेला एक डबा काढून बाजूला ठेवला, आमचं कुणाचंच तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

आणि वेळापत्रक. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका असं आम्ही लोकांना सांगतो, आणि जूनमध्ये तो पाऊस पडतो तेव्हा आम्ही कधी परीक्षेला बसलेले असतो, कधी प्रोजेक्टच्या सह्यांसाठी कॉलेजात. पेरणीच्या दिवसात आठवडाभर आणि काढणीच्या दिवसात आठवडाभर सुट्टी ठेवता आली, मुलं घरी असली, तर ह्या पत्रातलं अर्धं काम आपोआप होईल. प्रत्येक विभागाचा पाऊस वेगळा, कोकणात भाताची लावणी, विदर्भात कपाशी, म्हणून तारखा कॉलेजांना ठरवू द्या.

सुरुवात एका विषयापासून केली तरी चालेल. उगवणक्षमतेची चाचणी घ्या, त्याला पैसा लागत नाही, गोणपाट प्रत्येक घरात आहे. मे महिन्यात प्रत्येकाने घरचे १०० दाणे मोजायचे आणि जूनच्या आधी आकडा कॉलेजला कळवायचा, कोणतं वाण, कसं मळलं, कुठे साठवलं, उगवण किती. मी माझ्या वहीतल्या त्या पानाच्या झेरॉक्स ह्या पत्रासोबत आमच्या विभागप्रमुख सरांकडे दिल्या आहेत, फॉर्म कसा असावा ते त्यावरून ठरवता येईल, आणि त्यात बदल सुचवायचे असतील तर आजीलाही विचारायला मी तयार आहे कारण दाणे बडवून ठेवायचं तिचं होतं. येत्या खरिपाच्या आधी तुमची बैठक असेल तर हा विषय त्यात घ्यावा ही विनंती.

आपली विद्यार्थिनी,
बीएस्सी अ‍ॅग्री, शेवटचं वर्ष
जिल्हा लातूर